भांग, कोंबडा आणि चार डब्या

माझ्या डोक्यात काय आहे याबद्दल आमच्या घरात पहिल्यापासून मतभेद आहेत. डोक्यावर काय आहे याबद्दल मात्र एकमत आहे. सत्तरी उलटली तरी माझे केस जागच्या जागी आहेत. पांढरे झाले, पण सोडून गेले नाहीत. वडिलांकडून मिळालेली स्थावर इस्टेट म्हणाल तर एवढीच. बरोबरीच्या मित्रांपैकी कुणी फ्लॅट घेतला, कुणी बंगला बांधला. पण भेटले की त्यांची नजर आधी माझ्या डोक्यावर जाते आणि मग एक सुस्कारा ऐकू येतो. तेवढ्यापुरता मी श्रीमंत असतो.

गेल्या पावसाळ्यात याच इस्टेटीने मला गोत्यात आणलं. माझ्यावर समीक्षक होण्याची पाळी आली. पुस्तकांचा नव्हे, नाटकांचा नव्हे, पोमेडचा.

झालं असं, की माझ्या भाच्याचं लग्न ठरलं. हल्ली लग्नाआधी नवरानवरीने डोंगरावर, नदीकाठी किंवा एखाद्या पडक्या वाड्यात जाऊन फोटो काढून घ्यायचे असतात. सोळा संस्कारांत हा सतरावा. आमच्या भाच्याला या फोटोंसाठी 'जुना काळ' हवा होता. तो त्याला माझ्या बहिणीच्या कपाटात सापडला. आमच्या अण्णांचा, म्हणजे त्याच्या आजोबांचा, १९५६ सालचा फोटो. स्टुडिओत काढलेला, छातीपर्यंतचा. एका बाजूला भांग, तोही पट्टी ठेवून आखल्यासारखा. पुढे बेताचा कोंबडा. बाकीचे केस चापूनचोपून बसवलेले आणि त्यांवर स्टुडिओतल्या दिव्याचा उजेड असा चमकतोय, की फोटोग्राफरने दिवा अण्णांवर धरला होता की अण्णांनी फोटोग्राफरवर, असा प्रश्न पडावा.

"मामा, मला डिट्टो असेच केस पाहिजेत," भाचा म्हणाला. "एकदम व्हिंटेज."

व्हिंटेज हा शब्द माझ्या समजुतीप्रमाणे दारूला आणि मोटारीला लावतात. अण्णांनी जन्मात पहिलीला स्पर्श केला नाही आणि दुसरीने त्यांना केला नाही. पण भाच्याने तोवर चार डब्या मागवल्यासुद्धा होत्या. त्या चार डब्यांच्या किमतीत अण्णांचा त्या वेळचा दोन वर्षांचा पगार निघाला असता. आता चारांतली नेमकी कुठली लावायची, हे त्याला ठरवायचं होतं.

"तुमचे केस अगदी आजोबांसारखे आहेत ना, मामा. तुम्ही आधी लावून बघा. मला ऑफिसला जावं लागतं."

नवीन औषध आधी उंदराला देतात आणि मग माणसाला. या क्रमात माझी नेमकी जागा कुठली, ते मी विचारलं नाही. मामाने भाच्याला नाही म्हणायचं नसतं. कंसमामा सोडले तर तशी पद्धत नाही.

समीक्षकाने आधी परंपरेचा अभ्यास करावा असं म्हणतात. म्हणून मी डबी उघडण्याआधी पुस्तकं उघडली. पोमेड हा शब्द फ्रेंच 'पोमाद'वरून आला आणि त्याच्या मुळाशी सफरचंदाला असलेला लॅटिन शब्द आहे, कारण या मलमांत एके काळी सफरचंद घालत. हे वाचून बरं वाटलं. पण पुढे वाचलं आणि बरं वाटेना. सफरचंद वासापुरतं, खरा माल म्हणजे चरबी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपात अस्वलाची चरबी केसांना लावत असत. तर्क असा, की अस्वलाला केस भरपूर असतात, तेव्हा त्याच्या चरबीने आपल्यालाही येतील. हा तर्क शेवटपर्यंत नेला तर अस्वलाची चरबी लावून माणूस मधाच्या पोळ्यावर चढायला हवा होता. ज्यांना अस्वल परवडत नसे ते डुकरावर भागवत.

मग लंडनच्या रोलंड नावाच्या केशकर्तनकाराने मॅकॅसर तेल काढलं. मॅकॅसर हे इंडोनेशियातलं बंदर. नाव मोठं, जाहिरात मोठी. आणि या प्रकारच्या तेलात मुख्य काय, तर खोबरेल किंवा पामतेल आणि वर सुगंध! आमची आजी जे वाटीतून देत होती तेच साहेब बाटलीतून घेत होता. ते तेल खुर्चीच्या पाठीला लागू लागलं, तेव्हा तिकडच्या बायकांनी खुर्चीवर विणलेले रुमाल टाकायला सुरुवात केली. त्या रुमालांना नावच पडलं 'अँटिमॅकॅसर'. आमच्या लहानपणी ज्यांच्या घरी कोच असे त्यांच्या कोचावर क्रोशाचे रुमाल असत. मला ती कला वाटे. तो नवऱ्याच्या डोक्याविरुद्ध नोंदवलेला निषेध होता, हे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

पुढे १८७२ साली चीझब्रो या अमेरिकन माणसाने व्हॅसलिनचं पेटंट घेतलं आणि प्राण्यांची सुटका झाली. जमिनीतून निघणाऱ्या तेलापासून बनलेली ही जेली खवट होत नाही, सडत नाही आणि स्वस्त. मूकपटांच्या काळात रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने केस असे मागे चोपून बसवले, की त्याची नक्कल करणाऱ्या पोरांना लोक 'व्हॅसलिनो' म्हणू लागले. १९२० च्या दशकात शिकागोच्या मरे नावाच्या एका केशकर्तनकाराने आपलं घट्ट पोमेड काढलं. ती नारिंगी डबी आजही मिळते. १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम आलं. खनिज तेल आणि पाणी एकमेकांत घुसळून मधमाशांच्या मेणाने बांधून ठेवलेलं पांढरं क्रीम. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलातल्या पोरांना 'ब्रिलक्रीम बॉइज' म्हणत. युद्धानंतर डेनिस कॉम्प्टन जाहिरातीत चमकला, आणि पुढे आपल्या मुंबईचे फारुख इंजिनिअरही. विकेटच्या मागे उभं राहून सबंध दिवस उठाबशा काढायच्या आणि संध्याकाळी भांग जागेवर, यापेक्षा त्या क्रीमला वेगळं प्रशस्तिपत्र ते कोणतं हवं?

केशरचनांची नावंही पाहून घेतली. कपाळावरचे केस वर उचलून मागे वळवायचे, या प्रकाराला तिकडे 'पॉम्पडूर' म्हणतात. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या मर्जीतल्या मादाम द पॉम्पडूर यांचं ते नाव. आपण त्यालाच कोंबडा म्हणतो. देव आनंदमुळे तो आपल्याकडे गल्लोगल्ली आरवू लागला. मागचे केस दोन्ही बाजूंनी आणून मध्ये जुळवले की होते ती 'बदकाची शेपूट'. म्हणजे १९५० च्या दशकातला अमेरिकन तरुण पुढून कोंबडा आणि मागून बदक असा रस्त्याने चालला होता. हे पोल्ट्री फार्म १९६४ साली बीटल्स अमेरिकेत उतरले आणि बंद पडायला लागलं. केस कोरडे झाले, कपाळावर आले, कानांवर आले. आणि मग पस्तीस-चाळीस वर्षांनी नातवांना आजोबांचे फोटो सापडले. कॅलिफोर्नियात पाण्याने धुतली जाणारी पोमेडं निघाली. रॉटरडॅमला २०११ साली उघडलेल्या एका नावाजलेल्या पुरुषी सलूनने पुढे आपल्या डब्या काढल्या, त्यांचं नाव 'रूझल' आणि झाकणावर डुक्कर. या डच शब्दाचा अर्थच डुकराची चरबी. आत चरबी नाही, पण परंपरा सोडवत नाही.

इतका अभ्यास झाल्यावर मी प्रत्यक्ष समीक्षेला बसलो. डब्यांची नावं सांगत नाही. माझ्या डोक्यावर जे घडलं त्यात त्यांचा दोष किती आणि माझ्या अडाणीपणाचा किती, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.

पहिली डबी जुन्या पद्धतीची, तेलमेणाची. झाकण उघडलं, आत पिवळसर आणि घट्ट. बोट घातलं तर बोट वाकलं, पोमेड वाकलं नाही. यातलं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, आपलं खोबरेल वितळतं साधारण २४ अंशांना. पुण्याच्या थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. ही डबी घेऊन बहुधा भट्टीवर जावं लागलं असतं. शेवटी चमच्याच्या दांड्याने उकरलं आणि दोन तळहातांत तंबाखू मळावी तसं मळलं. डबीवर थोडंसं घ्या असं लिहिलेलं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर तेल ओंजळीने घेतलं, त्याच्या थोडंसंला काय अर्थ? मी लिंबाएवढं घेतलं.

केस बसले. नुसते बसले नाहीत, त्यांनी घर केलं. रात्री फणी फिरवली, सकाळी तसेच. आंघोळ केली, तसेच. पाणी डोक्यावरून अळवाच्या पानावरून जावं तसं निघून गेलं. शॅम्पू तीनदा लावला, फेस आला नाही. शिकेकाई लावली, तिचाच चिखल झाला. चौथ्या दिवशी कपाळावर पुटकुळ्या उठल्या. सत्तरीत तारुण्यपीटिका येणं ही तशी अभिमानाची गोष्ट, पण हिने ती तशी घेतली नाही. पोमेडमुळे केसांच्या कडेने अशा पुटकुळ्या येतात हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, हे मी तिला सांगून पाहिलं. ती उशीचा अभ्रा हातात धरून उभी होती.

"हा अभ्रा आहे की भज्यांचा कागद?" तिने विचारलं.

सुटका कशाने झाली? खोबरेलाने. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांनी सांगितलं, "काका, तेलाला तेलच काढतं. आधी खोबरेल चोळा, दहा मिनिटं थांबा, मग साबण." खरोखर निघालं. मेण पाण्याचं ऐकत नाही, तेलाचं ऐकतं. म्हणजे खोबरेल सोडून मी ज्याच्या मागे गेलो होतो, त्याच्यापासून सोडवायला पुन्हा खोबरेलच आलं. आयुष्यात आणखी एकदोन बाबतींत असं झालेलं आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

दुसरी डबी पाण्याची. म्हणजे पाण्याने निघणारी. दिसायला मुरांब्याच्या पाकासारखी, वास केवड्याच्या जवळपासचा. बोटाने सहज निघाली, केसांत सहज गेली, चकाकी तर अशी, की वाटलं अण्णा फोटोतून उठून आले. अर्ध्या तासाने केस वाळले आणि कडक झाले. दाराच्या चौकटीला डोकं लागलं तर 'टक' असा आवाज आला. भांगाची रेघ थोडी वाकडी होती म्हणून मी सरळ करायला गेलो, तर रेघ सरळ होईना, पोपडे निघाले. कोटावर पांढरा भुगा पडला. हिने तो झटकता झटकता "हा कोंडा आहे का कोंबडा?" असं विचारलं. तसाच बाहेर पडलो. दिवस आषाढातले. बसस्टॉपपर्यंत पोचेतो सर आली. पाण्याने निघणारी वस्तू पाण्याने निघाली. तिने शब्द पाळला. फक्त ती निघून डोळ्यांत गेली. कंडक्टरने माझ्याकडे पाहून मला बायकांच्या राखीव जागेवर बसवलं आणि म्हणाला, "आजोबा, रडू नका, काय झालं?"

तिसरी डबी 'मॅट'. म्हणजे हिला चकाकी नाही. मातीसारखी दिसते आणि तिच्यात चिकणमाती असतेही. लावल्यावर केस पुरेसे उभे राहतात, पण काहीच लावलं नाही असं दिसतं. आमच्या पिढीला हे कळणं कठीण. पैसे खर्च करून काहीच लावलं नाही असं दिसायचं, तर काहीच न लावता तसं दिसायला काय हरकत आहे? मात्र समीक्षकाने न्यायाने बोलावं. ज्यांचे केस विरळ आहेत त्यांना हीच योग्य. चकाकी केसांना चिकटवते, केस चिकटले की मधली टाळू दिसते आणि ती केसांहून जास्त चकाकते. विरळ केसांवर चकचकीत पोमेड म्हणजे फाटक्या सदऱ्याला कडक इस्त्री. पण ही डबी लावून १९५६ साल येत नाही.

चौथी डबी मऊ तेलाची. मेण कमी, जेली जास्त. अंगाच्या उबेने मऊ होते, बोटाने निघते. एव्हाना मला अक्कल आली होती. मी हरभऱ्याएवढी घेतली. हातावर घासली, ती दिसेनाशी झाली. केस किंचित ओले असताना मागून पुढे लावली, मग फणी. कोंबडा फार उंच होत नाही, पण अण्णांचा तरी कुठे होता? भांग वाकडा पडला. पुन्हा फणी मारली, सरळ झाला. दुपारी झोपून उठलो तर डोक्याची एक बाजू सपाट. फणी मारली, पुन्हा बसली. संध्याकाळी वाऱ्याने विस्कटले; पुन्हा फणी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डब्यांवर जे दोन शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, पकड किती आणि चकाकी किती, त्यांच्यात तिसरा आणि मुख्य शब्द छापलेलाच नसतो. हे वाळतं की नाही? जुनं तेलकट पोमेड कधी वाळत नाही. ते सबंध दिवस कच्चं राहतं, म्हणून त्याला सबंध दिवस फणी लागते. त्या काळच्या पुरुषांच्या मागच्या खिशात कंगवा असे, तो नुसता नखरा नव्हता. तो त्या केशरचनेचा अर्धा भाग होता. आजची डबी म्हणते, सकाळी एकदा लावा आणि विसरा. अण्णांच्या फोटोतले केस विसरलेले नाहीत. ते फोटोग्राफरने "रेडी" म्हणण्याच्या आदल्या क्षणी, स्टुडिओतल्या आरशासमोर पुन्हा एकदा विंचरलेले आहेत. नव्या डब्यांवर माझा आक्षेप असेल तर तो हाच. त्या आजोबांचं रूप विकतात आणि आजोबांची खटपट वगळतात.

हे मला पुस्तकावरून कळलं नाही. ते आधीच कळलं होतं, मी विसरलो होतो.

अण्णा रोज खोबरेल लावत. पण घरात ब्रिलक्रीमची एक काचेची बरणी होती. ती त्यांनी नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतली होती असं आई सांगे. लग्नकार्य, दिवाळी आणि साहेबांकडचं चहापान यांखेरीज तिचं झाकण उघडत नसे. एक बरणी किती वर्षं पुरली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. संपल्यावर आईने ती सोड्याने धुतली आणि तिच्यात सदऱ्याची बटणं ठेवली.

१९७३ साली मी कॉलेजात होतो आणि माझे केस कानांवरून खाली आले होते. तेल मी सोडलं होतं. अण्णा रविवारी कटिंगचे पैसे देत, मी त्यांत सिनेमा पाहून येई. एकदा त्यांनी देवघरासमोरच विचारलं, "केस वाळवून काय होणार आहेस?" मी म्हणालो, "तुमच्यासारखा होणार नाही, एवढं नक्की." बोललो आणि ते वाक्य तसंच वाळलं. चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बोलले, पण पगार, पाऊस आणि गॅसचा नंबर यांपलीकडे नाही. आमच्या दोघांची पकड जबरदस्त होती, अगदी त्या दुसऱ्या डबीसारखी. सरळ करायला जावं तर पोपडे निघायचे.

१९९७ साली त्यांचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा कुणीतरी त्यांचे केस ओले करून सरळ मागे फिरवले होते. भांग नाही. मी दारातच थबकलो. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या खाटेशी आलो. त्यांना बोलवत नव्हतं, पण हात सारखा कपाळाकडे जात होता. सिस्टरला वाटलं ताप आला. मला कळलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांकडे खोबरेल होतं. दोन थेंब हातावर घेतले, चोळले, लावले आणि त्यांच्या समोर बसून भांग पाडला. आयुष्यात पहिल्यांदाच.

अण्णांनी एक बोट उचलून रेघेवरून फिरवलं आणि क्षीण आवाजात म्हणाले, "उलटा."

बरोबर होतं. समोर बसलेल्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मी माझ्या डावीकडे पाडला होता. पुसला, पुन्हा पाडला. दुसऱ्यांदा रेघ वाकडी झाली. तिसऱ्यांदा त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "आता जमलं," म्हणाले. चोवीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी दिलेली ही पहिली पसंती. खोबरेल होतं म्हणून तीनदा पाडता आला.

असो. समीक्षा पुरी करायला हवी, कारण भाचा निकालाची वाट पाहत होता. मी त्याला समोर बसवून सांगितलं ते असं. केस दाट आणि राठ असतील तर घट्ट मेणाची डबी घ्यावी, पण खोबरेल आणि अभ्रे जवळ बाळगावेत. केस मऊ आणि बारीक असतील तर क्रीम किंवा मऊ तेलाचं पोमेड. घट्ट घेतलं तर केस वजनाने आडवे होतात. विरळ असतील तर चकाकीच्या वाटेला जाऊ नये. कोरड्या हवेत, पंख्याखाली, फक्त दोन तासांच्या समारंभासाठी पाण्याने निघणारी डबी उत्तम, आषाढात नव्हे. माप हरभऱ्याचं, कमी पडलं तर दुसरा हरभरा, पण पहिल्यांदाच लिंबू नको. ओलसर केसांवर लावलं तर मऊ बसतात, कोरड्यावर लावलं तर पक्के. आणि डबी कुठलीही घेतलीत तरी आधी सलूनमध्ये जावं. बाजूचे आणि मागचे केस खालून वर हळूहळू वाढत गेलेले आणि वरचे लांब, अशी कटिंग नसेल तर जगातलं कुठलंही पोमेड काही करू शकत नाही. आमच्या सलूनवाल्यांचं मत याहून कडक आहे. "काका, डबीने काय होतंय? भोवरा कुठे आहे ते आधी बघा. भांग भोवऱ्याला विचारून पाडायचा असतो."

'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' नावाचा २००० सालचा एक सिनेमा आहे. त्यात तुरुंगातून पळालेला जॉर्ज क्लूनी, मागे पोलीस लागलेले असताना, दुकानात विशिष्ट जातीच्याच पोमेडसाठी हुज्जत घालतो आणि रात्री केसांना जाळी बांधून झोपतो. प्रेक्षक हसतात. मी आता हसत नाही.

भाच्याने चौथी डबी पसंत केली. फोटोच्या दिवशी सकाळी तो आमच्याकडेच आला. आजोबांचा फोटो आरशाच्या कडेला खोचला आणि त्यात बघून बघून भांग पाडला. मग वळून मला विचारलं, "कसा जमलाय, मामा? डिट्टो ना?"

मी चष्मा लावला.

"उलटा," मी म्हणालो.

तो चक्रावला. फोटोतला माणूस समोरून दिसतो आणि आरशातला उलटा, हे त्याला समजावून सांगितलं. इंजिनिअर असल्यामुळे वेळ लागला. मग मीच फणी घेतली, त्याच्या मागे उभा राहिलो आणि भांग पुसला. पहिल्यांदा वाकडा आला. दुसऱ्यांदा भोवऱ्याशी भांडण झालं. तिसऱ्यांदा रेघ सरळ आली आणि तो आरशात पाहतच राहिला. मीही पाहिलं. जरा लांबून आणि चष्मा काढून पाहिलं तर १९५६ साल दिसत होतं.

त्याने बोट उचलून रेघेवरून फिरवलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"आता जमलं," मी म्हणालो, आणि उरलेली डबी न विचारता माझ्या खिशात टाकली. संपल्यावर बटणं ठेवायला उपयोगी पडेल. भाचा खूश होऊन कोचावर मागे टेकणार, तोच स्वयंपाकघरातून ही आली आणि तिने विजेच्या वेगाने त्याच्या डोक्यामागे टॉवेल टाकला. क्रोशाचा नव्हता, पण निषेध तोच.